दारात आलेली गाभण मांजरी : शिवाजी पेठेतल्या एका घराचं प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं एक जुनं घर धरू. पुढं सोपा, आत माजघर, वर लाकडी माळा, मागं परसात न्हाणीघर आणि जळणाची खोली. जूनचा मध्य, पाऊस नुकता लागलेला. घरात आजी, आई-वडील, कॉलेजला जाणारा मुलगा आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना चालू असलेली मुलगी. परसात येऊन-जाऊन असणारी पट्ट्यापट्ट्यांची एक मांजरी आता जळणाच्या खोलीतच बसून राहते. पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय, पाठीचा कणा मात्र नुसता बघूनही मोजता येतो. आईनं बशीत दूध ओतलंय, आजी म्हणते, "दिवस भरल्यात तिचं, हाकलू नगा."

पेठांतल्या कितीतरी घरांत दर पावसाळ्यात जे घडतं, ते इथं एका घरात बसवून सांगितलं आहे. अशा घरांत मायेला तोटा नसतो. पिल्लं दगावतात ती बहुतेक वेळा दोन कारणांनी: नको तिथं हात घातला जातो, आणि हात घालायची वेळ येते तेव्हा सकाळपर्यंत थांबलं जातं.

आधी खात्री

फुगलेलं पोट म्हणजे गाभणच असं नाही. जंतांनी पोट फुगतं, पोटात पाणी झालं तरी फुगतं. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर त्या मांजरीची नसबंदी झालेली आहे. मग हे पोट आजाराचं समजून दवाखाना गाठायचा. गाभण मांजरीची आचळं तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला गुलाबी आणि ठळक होतात. पाचव्या आठवड्यानंतर वरून पाहिलं की पोट दोन्हीकडं बाहेर आलेलं दिसतं. शेवटच्या पंधरवड्यात ती कुशीवर पडली की कातडीखाली हालचाल नुसत्या डोळ्यांनी कळते. पोट दाबून पिल्लं मोजू नयेत.

दुसरी खात्री गल्लीत करायची. पेठेत एकाच मांजरीला तीन घरांत जेवण असतं आणि तीन नावं असतात. ती कुणाची पाळलेली नाही ना, हे चार दारं विचारून घ्यावं.

मग दवाखाना. मोठ्या टोपलीत किंवा मांजराच्या पिंजऱ्यात खाणं ठेवून तिला आपणहून आत जाऊ द्यायचं, वरून चादर टाकायची आणि रिक्षानं न्यायचं. मानगुटीला धरून लोंबकळत उचलायचं नाही. पोटाचा भार मागच्या पायांखाली हात देऊन पेलायचा. आपल्या प्रकरणात मुलानं घाईनं तिला कवेत घेतलं आणि मनगटावर चावा बसला. भटक्या मांजराचा चावा किंवा रक्त निघालेला ओरखडा कधीही 'एवढंसंच' मानू नये. नळाच्या धारेखाली साबणानं पूर्ण 15 मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचा नाही, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. मांजरी पुढं व्यवस्थित दिसली तरी लसीचे ठरलेले सगळे डोस घ्यायचे. दात खोल गेले असतील तर रेबीजविरोधी सीरम लागेल का, तेही तिथं विचारायचं. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, त्यामुळं जखम वरून मिटते आणि आत पू धरते. सूज चढली तर प्रतिजैविकं लागतात.

दवाखान्यात वजन भरलं 3.2 किलो. मांजरीचा गाभणकाळ साधारण 63 ते 65 दिवसांचा. चार दिवस इकडं-तिकडं चालतं. सोनोग्राफीत गर्भ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसतो, पण पिल्लांचा आकडा हवा असेल तर 45 दिवसांनंतरचा एक्स-रे उपयोगी, कारण तेव्हा हाडं दिसू लागतात. इथं चार कणे दिसले आणि डॉक्टरांनी दहा-बारा दिवस राहिल्याचा अंदाज दिला. हा आकडा कागदावर लिहून ठेवायचा. व्यायच्या रात्री 'संपलं की अजून आहे' हे ठरवायला दुसरा भरवशाचा आधार नसतो.

गाभण काळ नुकताच सुरू झालेला असता तर त्याच वेळी नसबंदी करण्याचा पर्याय डॉक्टर देतात, त्यात गर्भ जातो. घरातल्यांना ते जड जातं, पण रस्त्यावर पिल्लांचं काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा पर्याय क्रूर वाटत नाही. इथं दिवस भरत आले होते आणि मांजरी अशक्त होती, म्हणून होऊ द्यायचं ठरलं.

औषधांबद्दल थोडक्यात. जंतांसाठी फेनबेंडाझोल किंवा पायरँटेल गाभणपणात चालतं, मात्रा वजनावर डॉक्टर ठरवतात. जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला देत नाहीत. तिनं पिल्लांच्या मेंदूला इजा होऊ शकते. कुत्र्याचं पिसवांचं औषध, त्यातही परमेथ्रिन असलेलं, मांजराचा जीव घेतं. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा तसंच करते.

घरातली दुसरी गर्भवती

मुलीच्या सासरहून फोन आला, "मांजर आधी बाहेर काढा." भीती पोटातल्या बाळाला लागण होण्याची. तिला आधार आहे, पण उपाय तो नाही. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे जंतू लागण झालेल्या मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, मात्र बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी ते लागण करण्याजोगे होतात. म्हणून शी रोजच्या रोज काढली की धोका बराच कमी होतो. ते काम मुलीनं करायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून करायचं आणि साबणानं हात धुवायचे. परसातल्या मातीत मुलीनं उघड्या हातानं काम करू नये, भाज्या नीट धुवाव्यात आणि मटण पूर्ण शिजलेलंच खावं; माणसाला ही लागण कच्च्या-अर्धकच्च्या मांसातूनही होते. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजरी आल्याचं सांगून ठेवायचं. मांजरीला माजघरात न आणता जळणाच्या खोलीतच ठेवलं, ते दोघींच्याही सोयीचं झालं.

दूध नको, रस्सा तर मुळीच नको

गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस पिळून समोर ग्लास भरून मिळतो, अशा गावात मांजराला दूध देऊ नका म्हणणं जिवावर येतं. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब लागतात, आणि गाभण मांजरीला जुलाब म्हणजे अंगातलं पाणी जाणं. बशीत स्वच्छ पाणी हवं, दिवसातून दोनदा बदललेलं.

त्याहून मोठा धोका रविवारच्या मटणात आहे. कांदा-लसूण मसाला आपल्या प्रत्येक रश्श्यात असतो, आणि कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानं किंवा मसाला वाळवल्यानं हे विष जात नाही. रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी मुरलेला मसाला राहतोच. तिच्यासाठी वाट्यातलं मांस मीठही न घालता वेगळं उकडायचं. शिजलेली हाडं द्यायची नाहीत, ती चिरफाळून घशात रुततात. कच्ची कलेजी रोज देऊ नये. जादा अ-जीवनसत्त्वानं पिल्लांच्या टाळूला चीर राहू शकते.

सर्वांत सोपं आणि पुरतं खाणं म्हणजे मांजराच्या पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाद्य, म्हणजे पाकिटावर 'किटन' लिहिलेलं. तीन-सव्वातीन किलोच्या मांजरीला शेवटच्या आठवड्यांत ते दिवसाला 70 ते 80 ग्रॅम लागतं, चार-पाच वेळा विभागून. पोटात पिल्लांनी जागा व्यापलेली असते, एका वेळी फार मावत नाही. सोबत 30-40 ग्रॅम उकडलेली कोंबडी किंवा अर्धं उकडलेलं अंडं. नुसत्या कोंबडीवर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडतं. म्हणून कॅल्शियमचं औषध स्वतःच्या मनानं सुरू करावं असंही नाही: बाहेरून आयतं कॅल्शियम मिळालं की शरीराची हाडांतून ते काढायची सवय मोडते आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊन झटके येतात. पिल्लं पिऊ लागली की खाद्याला माप ठेवायचं नाही, वाटी भरलेली राहू द्यायची. चार पिल्लांची आई गाभणपणाआधीच्या दुप्पट-अडीचपट खाते.

खोकं आणि खोली

पुठ्ठ्याचं खोकं आतून 60 सेंटिमीटर लांब, 45 रुंद, 40 उंच. एका बाजूला दार कापायचं, खाली 10-12 सेंटिमीटरचा उंबरा ठेवून, म्हणजे आई सहज आत जाते आणि पिल्लू घरंगळून बाहेर येत नाही. वरचं झाकण राहू द्यायचं. तिला अंधार हवा. तळाला वर्तमानपत्राचे सात-आठ थर, त्यावर घडी केलेली जुनी सुती साडी. टर्किश टॉवेलच्या वेटोळ्यांत पिल्लांची नखं अडकतात. गोणपाट ओल धरतं आणि त्याचे धागे पिल्लाच्या पायाला गुंडाळले जातात.

खोकं जमिनीवर नको, पावसाळ्यात शहाबादी फरशी गार आणि ओली राहते. खाली फळी किंवा दोन विटा. आणखी एक असंच खोकं दुसऱ्या कोपऱ्यात. एकच जागा दिली तर भटकी मांजरी ती नाकारूही शकते; दोन दिल्या तर त्यातली एक आपली म्हणून घेण्याची शक्यता वाढते. खोकी व्यायच्या दहा-पंधरा दिवस आधी मांडायची, म्हणजे तिचा वास त्यांना लागतो. शी-शूचं ट्रे खाण्यापासून लांब. त्यात बारीक माती चालते. पाण्यानं गोळा होणारी बेंटोनाइटची वाळू नको, पिल्लं ती चाटून गिळतात.

खोलीत फिनेल मारायचं नाही. मांजराचं यकृत फिनॉल पचवू शकत नाही, आणि फरशीवरून पंजाला लागलेलं ती चाटते. डांबरगोळ्या आणि उंदराचं औषध त्या खोलीतून काढायचं. पुसायला साबणपाणी पुरे. रात्री खिडकी जाळीनं बंद, कारण बोका नुकती जन्मलेली पिल्लं मारतो.

दुधाळी, शाहूपुरी किंवा कसबा बावड्याच्या सखल भागात घर असेल तर आणखी एक गोष्ट: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. पिंजरा आणि कोरडं खाद्य इशाऱ्याच्या पातळीलाच वरच्या मजल्यावर न्यावं.

ती रात्र

संध्याकाळी मांजरीनं खाणं टाकलं. रात्री दहापासून खोक्यात साडी उकरत राहिली, आत-बाहेर करू लागली, तोंड उघडून धापा टाकू लागली. हा पहिला टप्पा 12 तास, कधी 24 तासही चालतो. या वेळी घरातल्यांनी करायचं ते एवढंच: दिवा मंद, माणूस एकच, तोही दारापाशी. हाताशी स्वच्छ सुती फडकी, उकळलेल्या पाण्यात ठेवलेली कात्री, जाड दोरा, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा, वही आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक. हा क्रमांक दिवसाउजेडी विचारून ठेवायचा असतो.

कळा म्हणजे पोट दिसेल इतकं आवळणं. जोराच्या कळा सुरू झाल्यावर पहिलं पिल्लू साधारण अर्ध्या तासात यावं. पहिलं अडीच वाजता आलं, डोकं पुढं. मांजरीनं पिशवी फाडली, चाटलं, नाळ चावली, वार (प्लॅसेंटा) पडली ती खाल्ली. तिला खाऊ द्यावी. मात्र पिल्लागणिक एक वार मोजायची. आत राहिली तर पुढं गर्भाशयात संसर्ग होऊ शकतो. दुसरं तीन वाजता.

तिसऱ्याला अडलं. वीस मिनिटं जोराच्या कळा, काही नाही. इथं थांबायचं नसतं, इथं फोन करायचा असतो. हद्दी आधीच वहीत लिहिलेल्या असाव्यात, कारण पहाटे तीनला कुणाचंच डोकं चालत नाही:

- जोराच्या कळा 20 ते 30 मिनिटं आणि पिल्लू नाही.
- पिल्लाचा भाग बाहेर दिसतोय आणि 10 मिनिटांत पुढं सरकलं नाही.
- पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव.
- ताजं लाल रक्त दहा मिनिटांहून जास्त वाहणं, किंवा दुर्गंधी.
- आकडा पूर्ण नाही, दोन तास होऊन गेले आणि मांजरी अस्वस्थ आहे.

उलट, दोन पिल्लांच्या मधे मांजरी शांत पडून आधीच्यांना पाजत असेल, खात-पीत असेल, तर ती काही तास थांबू शकते, कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही. तेवढ्यात तिला ढोसायचं नाही, पण डॉक्टरांना कळवायचं.

शेजारच्या वहिनींनी सुचवलं, गोठ्यात पान्हा सोडायला देतात ते इंजेक्शन टोचा. ते ऑक्सिटोसिन. गोठ्यातला तो वापर बेकायदा आहेच, आणि पिल्लू आडवं अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटतं. हे औषध तपासणी झाल्यावर डॉक्टरांनीच द्यायचं.

फोनवर बोलणं चालू असतानाच मागचे पाय आणि शेपूट दिसली. पायाळू येणं मांजरांत नेहमीचं, पण कमरेपर्यंत येऊन अडकलं तर डोकं आत राहून गुदमरतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईनं कोरड्या फडक्यानं कमरेभोवती धरलं आणि कळ आली तेव्हाच, सरळ मागं न ओढता, मांजरीच्या पायांच्या दिशेनं खाली वळवत हळू ओढलं. कळ थांबली की हात थांबला. शेपटीला किंवा एकाच पायाला धरून ओढलं तर सांधा निखळतो. तिसऱ्या कळेला पिल्लू सुटलं.

ते निपचित होतं. पिशवी आधी नाकातोंडावरून काढली, तोंडातला चिकटा फडक्यानं टिपला, डोकं किंचित खाली ठेवून फडक्यानं पाठ-बरगड्या जोरानं चोळल्या. पिल्लाला हातात धरून झोके देऊ नयेत, मेंदूला इजा होते. मिनिटभरात ते ओरडलं. मांजरी दमलेली, नाळ तोडेना. पोटापासून अडीच सेंटिमीटरवर दोरा बांधून त्यापलीकडं कापली. चौथं पहाटे साडेचारला आलं. पिल्लं चार, वारा चार, एक्स-रेतले कणे चार. खोकं बंद, माणसं बाहेर.

लहान्याचं वजन

जन्मतः पिल्लू साधारण 90 ते 110 ग्रॅमचं असतं आणि रोज 10 ते 15 ग्रॅम वाढतं. सकाळी तिघं 96, 102 आणि 94 भरली. पायाळू आलेलं फक्त 72. दुसऱ्या दिवशी ते 71 होतं, पोट सपाट, तोंड गार.

वजन थांबलं की पिल्लाकडं वेळ फार नसतो. तरी पहिलं काम दूध नाही, ऊब. गार पिल्लाचं आतडं चालत नाही. दूध पोटात आंबतं आणि पिल्लू जातं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना कुडकुडताही येत नाही, त्यांना 30 अंशांच्या आसपास हवा लागते, आणि जुलैत कोल्हापूरची रात्र 22 अंशांवर येते. लिटरच्या बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी, भोवती दुहेरी फडकं, खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. दर दोन-तीन तासांनी पाणी बदलायचं. विजेच्या दिव्यापेक्षा हे बरं, कारण पावसात वीज जाते.

तासाभरात अंग ऊबदार झाल्यावर टाळूला चीर नाही ना पाहिलं आणि त्याला मागच्या, भरलेल्या आचळाला लावलं. जोडीला मांजराच्या पिल्लांसाठीची दूध-भुकटी, पाकिटावरच्या मापानं कालवून, कोमट, सुई काढलेल्या 1 मिलीच्या सिरिंजनं. मात्रा वजनाच्या शंभर ग्रॅमला 4 मिली, म्हणजे याला एका वेळी 3 मिलीपेक्षा कमीच, दर तीन तासांनी. पिल्लाला पोटावर पालथं ठेवून, मान किंचित वर. आपल्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. नाकातून दूध येणं ही त्याची पहिली खूण. चौथ्या दिवशी ते 84 झालं आणि सिरिंज थांबवली.

वजन रोज एकदाच, आई खायला बाहेर आली की. माणसाचा हात लागल्यानं आई पिल्लं टाकते ही समजूत तेवढीशी खरी नाही; ती टाकते किंवा हलवते सततच्या वर्दळीनं.

सात घरं

आणि वर्दळ झालीच. पाचव्या दिवशी गल्लीतली पोरं बघायला आली, खोक्यात मोबाईलचा उजेड पडला. रात्रीत मांजरीनं तिघांना माळ्यावर नेलं, लहानं खाली राहिलं. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. उजेड, आवाज, बोक्याचा वास किंवा घाण झालेली साडी, यांतलं काही झालं की जागा सुरक्षित नाही असं ती ठरवते.

पिल्लं परत खाली आणायची नाहीत, ती पुन्हा हलवेल आणि या वेळी घराबाहेर. लहान्याला बाटलीजवळ ऊबदार ठेवून तिला वाट मोकळी ठेवली. दीड तासानं येऊन घेऊन गेली. आली नसती तर दोन-तीन तासांनी त्याला माळ्याच्या शिडीपाशी ठेवायचं. मग माळाच सुरक्षित केला: कडेला 25 सेंटिमीटर उंचीची फळी ठोकली, दुसरं खोकं वर नेलं, खाणं-पाणी वर. अंथरूण दोन दिवसांनी बदलायचं, पण रोजच्या वासाचा एक तुकडा आत ठेवून.

पहिले चार आठवडे आईवरही नजर हवी. तपकिरी-तांबूस स्राव दोन-तीन आठवडे चालतो, त्याला वास नको. आचळ गरम, कडक, लाल झालं तर ती कासेची सूज. चाल ताठरली, अंग थरथरू लागलं, धाप लागली तर कॅल्शियम कोसळलंय. तासाभरात दवाखाना, तिथं ते शिरेतून देतात.

पुढचं वेळापत्रक

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, बोटानं उघडू नयेत. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लं माणसाला सरावतात. रोज थोडा वेळ हाताळलं नाही तर पुढं घर मिळणं अवघड होतं. जंतांचं औषध तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, कारण गोलकृमी आईच्या दुधातूनच येतात. चौथ्या आठवड्यात किटन खाद्य कोमट पाण्यात भिजवून पसरट ताटलीत. आठ आठवड्यांच्या सुमाराला पहिली लस, बाराव्याला रेबीजची. या काळात दुसरं कुठलंही सापडलेलं पिल्लू घरात आणायचं नाही. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जागेत वर्षभर टिकतो आणि लस न झालेली सगळी पिल्लं एकदम नेतो.

आठ आठवड्यांआधी पिल्लू कुणाला द्यायचं नाही. दोन घरं ठरली, दोन पिल्लं इथंच राहणार. पोत्यात घालून बाजारात किंवा रंकाळ्यावर सोडणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे.

मांजरी पाजत असतानाही माजावर येऊ शकते, व्याल्यावर काही आठवड्यांतच. म्हणून पिल्लं सुटेपर्यंत तिला परसाबाहेर जाऊ दिलं नाही. सप्टेंबरात दूध आटल्यावर दोन आठवड्यांनी नसबंदीची तारीख घेतली. आदल्या रात्रीपासून उपास, पाणी डॉक्टर सांगतील तोवर. भूल दिलेली असतानाच डाव्या कानाचं टोक कापून घेतलं, म्हणजे उद्या दुसऱ्या गल्लीत गेली तरी पुन्हा कुणी तिचं पोट फाडणार नाही. दहा दिवस कोरडी खोली, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकू. घरात राहिलेल्या दोन पिल्लांची नसबंदी नोव्हेंबरासाठी लिहून ठेवली, कारण मादी पिल्लू चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकतं, आणि ती दोन्ही माद्या आहेत.